थोरलीचा तिसरा फेरा

कुंभकोणमच्या स्टेशनासमोर टॅक्सींची जी रांग लागे, तीत सुंदररावांची पांढरी ॲम्बेसिडर आंधळ्यालाही ओळखू आली असती. बाकीच्या गाड्या किल्ली फिरवली की गप्प बसत. ही किल्ली काढल्यावरही चांगली मिनिटभर थरथरे, खोके, एक मोठा उसासा टाके आणि मग निजे. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'श्री पांडुरंग टूरिस्ट कार्स' असं रंगवलेलं होतं. कार्स कसल्या, ही एकच. पण दुसरी घेतल्यावर रंगाऱ्याला पुन्हा पैसे कोण देणार, म्हणून सुंदररावांनी ते काम आधीच उरकून घेतलं होतं. १९८० साली, बारा वर्षांनी गावात भरणाऱ्या महामहाच्या पर्वणीच्या वर्षी, त्यांनी ही कोरी करकरीत आणली. दुसरी काही आली नाही.

घरात तिला थोरली म्हणत. नाव सुंदररावांनीच ठेवलेलं. त्यांची बायको कृष्णवेणी तेव्हा एवढंच म्हणाली की ही थोरली, तर मग मी धाकटी झाले की काय. सुंदरराव हसले आणि विषय तिथंच राहिला. पुढं थोरलीला दर शुक्रवारी लिंबू आणि हार, धाकटीला दिवाळीला एक पातळ, असा क्रम पडून गेला.

सुंदररावांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या कचेरीत दप्तर सांभाळायला होते. राज्य गेलं, दप्तर गेलं, सांभाळायची खोड तेवढी रक्तात राहिली. मोडकी छत्री, बिनकानाची कढई, आजोबांचा एकच जोडा, काही म्हणून त्या घरातून बाहेर पडत नसे. गावातले तमिळ लोक त्यांना रायर म्हणत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि मराठी तरी कसली! पुण्याहून नवग्रहांच्या यात्रेला आलेले एक गृहस्थ दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि संध्याकाळी म्हणाले, तुमचं बोलणं ऐकून जुन्या पेटीतलं पत्र वाचल्यासारखं वाटतं. सुंदररावांना ती स्तुती वाटली. त्यांना पुष्कळ गोष्टी स्तुतीच वाटत.

त्यांचा धंदा मुख्यतः साठीशांतीचा. कुंभकोणमपासून मायावरममार्गे साठेक किलोमीटरवर तिरुक्कडैयूर आहे. मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला महादेवानं लाथ घातली ती तिथं. म्हणून नवऱ्याला साठ पुरी झाली की त्या देवळात जायचं, होम करायचा, कलशांच्या पाण्यानं दोघांनी न्हायचं, आणि पोरासोरांच्या देखत त्याच नवऱ्यानं त्याच बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधायचं. अशी शेकडो जोडपी थोरलीनं वाहून नेली. सकाळी मागच्या सीटवर एकमेकांवर खेकसणारी म्हातारी माणसं संध्याकाळी परतताना नव्या नवरानवरीसारखी लाजत बसलेली असत. हे रोज बघून माणसाच्या डोक्यात काहीतरी शिरणारच. सुंदररावांच्या डोक्यात भलतंच शिरलं.

त्यांचं शास्त्र असं होतं. संवत्सरं साठ. साठ संपली की पुन्हा प्रभवपासून मोजायचं. एकसष्टावं संवत्सर म्हणून जगात काही नाही. माणसाचंही तेच, म्हणून तर साठीला त्याचं पुन्हा लग्न. मग गाडीचं काय? थोरलीच्या किलोमीटरच्या मीटरला घरं पाच. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पाचही आकडे फिरून शून्यावर येणार. गाडी बनवणारे काय वेडे होते? सहावं घर ठेवायला त्यांना असा किती खर्च आला असता? त्यांनीच सांगून ठेवलं आहे की लाख झाले की गाडी पुन्हा कोरी. हे सगळं ते स्टँडवर उभ्या उभ्या कुणालाही समजावून सांगत, आणि ऐकणारा भाडं ठरवायला आलेला असल्यामुळं मान डोलवी.

थोरलीचा पहिला फेरा १९८३च्या श्रावणात मायावरमच्या अलीकडं पुरा झाला. मागं एक साठीचं जोडपं बसलेलं, मुहूर्ताला घटका राहिलेली. सुंदररावांनी सेतूला गाडी बाजूला घ्यायला लावली. सेतू म्हणजे पहिल्या दिवसापासून थोरली चालवणारा ड्रायव्हर. बोलायला कंजूस, हाताला उदार. त्याच्याकडून नारळ फोडवला, मागच्या म्हाताऱ्याला खाली उतरवून त्याच्याकडूनही बॉनेटला नमस्कार करवला, मग पुढं निघाले. दुसऱ्या दिवशी घरापुढं थोरलीची शांत. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, म्हणाले की गाडीला शांत करावी असं कुठल्या पोथीत नाही. मग दक्षिणेचा आकडा ऐकला आणि म्हणाले की करू नये असंही कुठल्या पोथीत नाही. बॉनेट उघडून मंत्रघोषात अकरा कलश आत ओतले. थोरली दोन दिवस सुरू झाली नाही. सेतू एकेक वायर सोडवून फडक्यानं पुसत बसला, आणि सुंदरराव शेजाऱ्यांना सांगत होते की नुकतं जन्मलेलं मूल दुसऱ्या दिवशी पळायला लागतं काय.

तेव्हापासून कुणी गाडी किती चालली आहे असं विचारलं, की सुंदरराव दार उघडून मीटर दाखवत. अकरा हजार. बावीस हजार. लोक सीटच्या वर आलेल्या स्प्रिंगकडं बघत, आकड्याकडं बघत आणि गप्प बसत. सुंदरराव तोवर जन्मात खोटं बोलले नव्हते, हे त्यांचा वैरीही सांगेल. तशी त्यांना गरजच पडत नसे.

कृष्णवेणीचा धाकटा भाऊ जानकीराम तिरुविडैमरुदूरला राही. त्याच्याही दोन टॅक्सी होत्या, पण त्याची रीत वेगळी. दर भाड्यातला थोडा पैसा तो पोस्टात टाके. गाडी चार वर्षं चालवायची, दुसऱ्यांदा टायर बदलायची पाळी आली की इंजिन उघडायच्या आत विकून मोकळं व्हायचं, कारण तेव्हा गिऱ्हाईक दारात येऊन मागतं. पुढं आपल्याला त्याच्या दारात जावं लागतं. घ्यायचीही कोरी नाही. एखाद्या डॉक्टरची शोधायची, घर ते दवाखाना एवढीच चाललेली. जुनीचे आलेले पैसे आणि पोस्टातले पैसे मिळून काम भागे, सावकाराची पायरी चढावी लागत नसे. आणि दोन्ही गाड्या एकदम कधी बदलायच्या नाहीत. एक म्हातारी होत आली की दुसरी ऐन उमेदीत हवी. हे त्यानं सुंदररावांना दहादा समजावलं. सुंदररावांनी अकराव्यांदा ऐकून घेतलं आणि स्टँडवर जाऊन सांगितलं की चार वर्षांनी गाडी बदलणारा माणूस उद्या बायको बदलील.

इकडं थोरलीचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पावसाळ्यात गिअरबॉक्स, उन्हाळ्यात रेडिएटर, मधल्या दिवसांत जे सापडेल ते. डावीकडचं मागचं दार आतून उघडत नसे. सेतू धावत जाऊन बाहेरून उघडी, आणि यात्रेकरूंना वाटे काय ही अदब! दोन वर्षांत दुरुस्तीवर गेला तेवढ्या पैशात डॉक्टरची गाडी दारात आली असती, असं जानकीराम म्हणे. सुंदररावांचं म्हणणं, औषधाला पैसे लागतात म्हणून कुणी आईला विकतो का?

दुसरा फेरा १९८७च्या जानेवारीत पुरा झाला. पुन्हा नारळ, पुन्हा कलश. या वेळी सेतूनं आधीच प्लास्टिकचा कागद पसरून ठेवला होता. मग महिनाभरानं, थोरली अवघी अडीच हजार किलोमीटरांची तान्ही असताना, कृष्णवेणी नाचियार्कोविलहून भाचीच्या लग्नासाठी समई घेऊन भावाकडं निघाली. तिरुविडैमरुदूरच्या रेल्वे फाटकात, बरोबर दोन रुळांच्या मध्ये, थोरली उसासा टाकून निजली.

फाटक पडायची वेळ झालेली. लांबून शिट्टी ऐकू आली. कृष्णवेणी ज्या दाराशी बसली होती ते नेमकं आतून न उघडणारं, आणि दुसऱ्या बाजूला पाच फुटी समई आडवी. सेतू उडी टाकून दार उघडायला धावला, त्या घाईत त्याचा हात कडीत सापडला. फाटकवाला लाल निशाण घेऊन रुळांतून पळत सुटला. पॅसेंजर दोनशे पावलांवर येऊन उभी राहिली आणि खिडक्याखिडक्यांतून लोक बघू लागले. कुणाला खरचटलंही नाही, सेतूची दोन नखं गेली तेवढंच. पण कृष्णवेणीनं खाली उतरून भावाची ओसरी गाठली आणि तिथं बसून सांगून टाकलं की ह्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

तिला घरी पोचवायला आलेल्या जानकीरामनं त्या दिवशी भावोजींची भीडभाड ठेवली नाही. बोलायचं ते सगळं बोलला. सुंदरराव बिचारे घाबरले होते, खरोखर घाबरले होते. बायको गेली असती हे त्यांना दिसलं होतं. त्या भरात त्यांनी तुळशीचं पान हातात घेतलं, विठोबाच्या तसबिरीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "तिसरा फेरा पुरा होऊ दे. ज्या दिवशी शून्य येईल त्या दिवशी थोरली विकीन आणि दुसरी आणीन. आपल्या साठीशांतीला तुला नव्या गाडीतून तिरुक्कडैयूरला नेईन."

ह्या शब्दानं कृष्णवेणी निवली, त्याला कारण होतं. तिचं लग्न १९४९ सालचं. ती चौदा वर्षांची, अंगात ताप, होमाच्या धुरानं डोळे मिटलेले. मंगळसूत्र कधी बांधलं ते तिला आठवत नव्हतं. एक कच्चट लाडू आठवत होता. साठीशांत हे तिच्या हिशेबी खरं लग्न होतं, डोळे उघडे ठेवून करायचं. सुंदररावांना साठ १९९१ साली पुरी व्हायची होती. तिसरा फेरा त्याआधी वर्षभर सहज संपत होता. सगळं नीट जमत होतं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती सेतूला आकडा विचारी, आणि सेतू सांगे.

आकडा वाढत होता तसा सुंदररावांचा चेहरा उतरत होता. १९८९च्या दिवाळीनंतर मीटर अठ्ठ्याण्णव हजारांच्या पुढं गेला. ते गुपचूप तंजावरला जाऊन नव्या गाडीचा भाव विचारून आले आणि अंगावर काटा घेऊन परतले. मग थोरलीला गिऱ्हाईक बघितलं. एकच भेटलं, भंगारवाला, आणि त्यानं किलोवर भाव सांगितला. सुंदररावांना असा संताप आला की दोन दिवस ते जेवले नाहीत. जानकीरामला विचारलं असतं तर त्यानं आठ दिवसांत डॉक्टरची गाडी शोधून दिली असती, हप्त्यानं दिली असती. पण मेहुण्यापुढं हात पसरायचा म्हणजे सात वर्षं तोंडानं जे वाजवलं ते सगळं गिळायचं. आणि थोरली दारातून गेली, तर आपण कोण? स्टँडवरचा एक म्हातारा रायर. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नाही, पण दुखत होतं ते तिथं.

एका दुपारी सेतू जेवायला गेला असताना सुंदररावांनी डॅशबोर्डाखाली हात घातला, मीटरची केबल फिरवून सोडवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी नेऊन विठोबाच्या तसबिरीमागं ठेवली. मीटर थांबला अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीसवर. शपथ मोडली का? मुळीच नाही. शपथ शून्याची होती, शून्य आलंच नाही. देव साक्षीला होताच, पुराव्यासकट.

सेतू परत आला, गाडी हलवली आणि वेगाचा काटाही मेलेला बघून सगळं समजला. सुंदरराव म्हणाले, केबल तुटली, मद्रासहून मागवली आहे. सेतूनं खाली वाकून बघितलं. तुटलेल्या केबलीचा तुकडा तरी मागं राहतो. इथं आटे स्वच्छ होते. तो मूग गिळून बसला. भाडी गावागावांवर ठरलेली होती, मीटरवाचून कुणाचं काही अडलं नाही.

पहिली तारीख आली. कृष्णवेणीनं आकडा विचारला, सेतूनं सांगितला. पुढच्या महिन्यात तोच. त्याच्या पुढच्या महिन्यात तोच. सेतू खाली बघून सांगे. कृष्णवेणीला काय वाटलं असेल? नवऱ्यानं फसवलं असं वाटावं एवढी ती बाई पुढारलेली नव्हती. मिळालेला पैसा दुरुस्तीत जिरे, घरात फारसा येतच नसे; तिला वाटलं, भाडीच मिळत नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन जातात, दिवसभर स्टँडवर उन्हात उभे राहतात, हात हलवत परत येतात आणि लाजेनं बोलत नाहीत. तिचं काळीज तुटलं. तिनं गुरुवार धरले. नऊ ग्रहांच्या नऊ देवळांत, बसनं जाऊन, तेलाचे दिवे लावले की ह्यांना भाडी मिळू देत. नवग्रहांची यात्रा तेव्हा थोरली आठवड्यातून तीनदा करत होती.

मग तिनं दुपारची कॉफी सोडली. कुंभकोणममध्ये कॉफी सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथं संन्याशीसुद्धा घर सोडतो, कॉफी सोडत नाही. दाराशी गाय उभी करून काढलेलं दूध, पितळेच्या गाळणीतून थेंबथेंब उतरलेला अर्क, दुपारी तीनला सगळ्या गल्लीत तो वास. तिनं गवळ्याला अर्धा शेर दूध कमी घालायला सांगितलं आणि तीन वाजता परसात जाऊन बसायला लागली. सुंदररावांच्या हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. त्यांना लाज वाटली, खरंच फार वाटली. त्यांनी आपल्या पेल्यातली अर्धी कॉफी वाटीत ओतून तिच्यापुढं केली. ती म्हणाली, तुम्ही उन्हात उभे असता, तुम्हीच घ्या. त्यांनी घेतली.

आता खरी मजा ऐका. माणूस जगाला टोपी घालतो हे समजू शकतं. हे गृहस्थ ती स्वतःच्याच डोक्यावर घालून बसले. थोरलीचं ऑईल दर पाच हजारांना बदलायचं. मागलं शहाण्णव हजारांवर बदललेलं. तीनचार महिन्यांनी सेतू म्हणाला, ऑईल काळं पडलंय, बदलायला हवं. सुंदररावांनी विचारलं, पुढलं कधी आहे? एक लाख एक हजाराला. मग आत्ता किती झालेत? आणि त्यांनी मीटरकडं बोट दाखवलं. सेतूनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं, थट्टा आहे का म्हणून. थट्टा नव्हती. त्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसला होता. गाडी ऑईल पीत होती तेव्हा सेतू वरून ओतत राहिला, कधीकधी स्वतःच्या पैशानं. आतला गाळ तसाच राहिला. दर दोन महिन्यांनी तो सांगे, दर दोन महिन्यांनी त्याला आकडा दाखवला जाई.

अशी पावणेदोन वर्षं गेली आणि १९९१चा श्रावण आला. सुंदरराव ज्या संवत्सरात जन्मले तेच संवत्सर साठ वर्षांनी फिरून आलेलं. मुहूर्त सकाळी साडेदहाचा. जानकीराम म्हणाला, अक्काला माझ्या गाडीतून आणतो, तिनं फाटकापासून थोरलीत पाय ठेवलेला नाही. सुंदरराव म्हणाले, गावातल्या निम्म्या जोडप्यांना ज्यानं शांतीला नेलं त्यानं स्वतःच्या शांतीला मेहुण्याच्या गाडीतून जायचं? भांडण व्हायचं, पण कृष्णवेणीच मध्ये पडली. तिनं भावाला बाजूला घेतलं. धंदाच नाही तर नवी गाडी कुठून येणार, म्हणाली. त्यांनी त्यांचा शब्द मोडलेला नाही, आकडाच आला नाही. त्यांचं मन राखायला मी माझा मोडते. तिरुभुवनमचं अंजिरी रेशमी लुगडं नेसून ती थोरलीत चढून बसली. बसताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

पुढं थोरली, मागं जानकीरामची गाडी आणि तीत वाध्यार धरून सहा माणसं, अशी वरात निघाली. मायावरम ओलांडलं. भाताच्या शेतांमधून रस्ता सरळ जातो तिथं थोरलीच्या पोटात ठोके पडू लागले. सेतूनं वेग कमी केला. ठोके वाढले, जळका वास आला, आणि मग एक असा कडाड आवाज झाला की शेतातले बगळे उडाले. चाकं करकरून जागच्या जागी थांबली. या वेळी उसासा नाही, खोकला नाही.

सेतूनं धावत जाऊन आधी कृष्णवेणीचं दार उघडलं, मग बॉनेट. ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिला काकवीसारखा काळा लगदा. जानकीराम जवळ आला, बघितलं आणि म्हणाला, इंजिन जाम झालं. हे ऑईल बदललंय कधी? सेतूनं सुंदररावांकडं बघितलं. सुंदरराव शेताकडं बघत होते.

कृष्णवेणी लुगड्याचा घोळ सावरत पुढं आली. उघड्या दारातून तिनं आत मीटर बघितला. "सेतू, आकडा किती?"

"अठ्ठ्याण्णव हजार सहाशे चाळीस, अम्मा."

"तो मला पाठ आहे. खरा किती?"

सेतूनं फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "तिसरा फेरा कधीच झाला, अम्मा," तो म्हणाला. "चौथा निम्म्यावर आलाय. केबल काढलीय रायरांनी, पावणेदोन वर्षं झाली. तुम्ही आकडा विचारायचात, मी आकडा सांगायचो. मला माफ करा."

तिच्या डोळ्यांपुढं काय काय गेलं असेल कोण जाणे. नऊ देवळं, नऊ दिवे, गुरुवारचे उपास, दुपारी तीनचं परस. तिला इतका राग आला होता की बोलायला गेली असती तर रडली असती, आणि सहा माणसांपुढं तिला रडायचं नव्हतं.

सुंदरराव म्हणाले की मी शपथ मोडलेली नाही, शून्य आलेलं नव्हतं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. मुहूर्ताला पाऊण तास होता, तिरुक्कडैयूर अर्ध्या तासावर. त्यांनी जानकीरामच्या गाडीचं मागचं दार उघडलं. डॉक्टरांकडून घेतलेली, स्वच्छ, आतून उघडणाऱ्या दारांची गाडी. वाध्यार मधल्या जागेतून सरकले. "अगं, बस," सुंदरराव म्हणाले. "एवढं लग्न लागू दे, मग घरी जाऊन काय बोलायचं ते बोल. सगळे खोळंबलेत."

कृष्णवेणीनं पदर खोचला. "चौदा वर्षांची होते तेव्हा तुमच्याशी लग्न लागलं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं. आज मी साठीकडं आले, शुद्धीवर आहे, आणि माझ्यावाचून हे लग्न लागत नाही. तर मी विचार करून सांगते."

रस्त्याच्या पलीकडून कुंभकोणमची बस येत होती. कृष्णवेणी रस्ता ओलांडून गेली. सेतूनं पळत जाऊन हात दाखवला, बस थांबली, आणि अंजिरी लुगडं नेसलेली नवरी तिकीट काढून घरी निघून गेली. सुंदरराव दाराला धरून उभे होते ते उभेच राहिले. वाध्यारांनी हळूच विचारलं, मग पुढं जायचं की मागं?

थोरली मायावरममध्येच भंगारात गेली, किलोवर. महिनाभरानं सुंदररावांनी मेहुण्याचे पाय धरले म्हणा, नाहीतर हात म्हणा. जानकीरामनं त्यांना हप्त्यानं एक तीन वर्षांची गाडी मिळवून दिली. सेतू आता जानकीरामकडं असतो. सुंदररावांची गाडी नीट चालते, ते दर भाड्यातले थोडे पैसे पोस्टात टाकतात, आणि पाच हजार झाले की ऑईल बदलतात. कृष्णवेणी घरातच आहे. रांधते, वाढते, देवाचं करते, गरजेपुरतं बोलते.

साठीची शांत चुकली तर पुढंही करता येते, असं वाध्यारांचं म्हणणं आहे; बायकोची संमती तेवढी हवी. दर श्रावणात ते दारावरून जाताना विचारतात की रायर, यंदा तरी मुहूर्त धरू का. सुंदरराव स्वयंपाकघराकडं बघतात. आतून भांडी ऐकू येतात. आता त्यांना चौसष्ट पुरी झाली, आणि तिनं अजून सांगितलेलं नाही.